गाडीचा कौल

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास बडोद्याच्या गोत्री भागातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाळीसएक माणसं चपला काढून उभी होती. समोर देव नव्हता. दहा वर्षं जुनी, मागच्या बंपरला पोचा आलेली एक पांढरी मोटार होती. तिच्या बॉनेटवर जास्वंदीची फुलं वाहिलेली होती, वायपरमध्ये उदबत्ती खोचली होती आणि पुढच्या काचेवर कुणीतरी कुंकवाचं बोट ओढलं होतं. ड्रायव्हरच्या जागेवर, डोक्याला रुमाल बांधून, तुकोजीराव बसले होते.

"सगळ्यांनी आपापले मोबाइल बंद करा," ते खिडकीतून म्हणाले. "लहरींत लहरी मिसळायला नकोत."

चाळीस मोबाइल बंद झाले. तुकोजीरावांनी डोळे मिटून चावी फिरवली. टेपच्या जागी बसवलेला काळा पडदा उजळला. आधी एका बाईचा गोड इंग्रजी आवाज काहीतरी जोडलं गेल्याचं सांगून गेला आणि मग गाडीच्या चारी दारांतून एका म्हाताऱ्या माणसाचा स्वच्छ, थोडा नाकातला आवाज आला. "दूध, एकच पिशवी. कोथिंबीर, बारीक पानांची. गॅसचा नंबर लावणे."

माणसांनी हात जोडले. पहिल्या रांगेतल्या भक्तीबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज लक्ष्मीकांतरावांचा होता आणि लक्ष्मीकांतरावांना जाऊन चार महिने झाले होते.

"दूध म्हणजे शुद्धता," तुकोजीरावांनी अर्थ सांगितला. "कोथिंबीर म्हणजे भरभराट. गॅस म्हणजे अग्नी. तिन्ही तत्त्वं आली. उजवा कौल आहे, भक्तीबेन. भाच्याचा व्हिसा होणार."

पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीला टेकून, हाताची घडी घालून निरुपमा उभी होती. लक्ष्मीकांतरावांची ही थोरली मुलगी बावन्न वर्षांची, बडोद्यातल्याच एका शाळेत अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवणारी. गेली वीस वर्षं ती शाळाशाळांतून चमत्कारांचे प्रयोग करून दाखवायची. नारळातून जाळ काढायची, रिकाम्या मुठीतून अंगारा झाडायची आणि मग मुलांना त्यामागचं रसायन समजावून सांगायची. चमत्कार सिद्ध करून दाखवणाऱ्या कोणत्याही बाबाला तिचं जाहीर आव्हान होतं. आजवर ते कुणी स्वीकारलं नव्हतं. आता स्वीकारलं होतं ते तिच्या स्वतःच्या वडिलांनी, आणि तेही मेल्यानंतर. टीचर्स रूममध्ये ही बातमी पोचली होती. इतिहासाच्या बाई तिला मधल्या सुट्टीत अत्यंत सहानुभूतीने विचारत, "मग काल काय म्हणाले बाबा?"

सुरुवात साधीच झाली होती. लक्ष्मीकांतराव गेल्यावर गाडी चालवणारं घरात कुणी उरलं नाही. मोहनाबाईंना, म्हणजे निरुपमाच्या आईला, गाडी येत नव्हती आणि विकायचा विषय काढला की त्या उठून स्वयंपाकघरात जात. तेव्हा बॅटरी उतरू नये म्हणून शेजारच्या तुकोजीरावांनी दर रविवारी दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवायचं कबूल केलं. निरुपमाला गाडी येत होती, पण ती सुभानपुऱ्यात राहायची, रिक्षाने फिरायची आणि रविवारी आईकडे यायची. पहिल्याच रविवारी तुकोजीरावांनी चावी फिरवली, निरुपमा आणि मोहनाबाई शेजारी उभ्या होत्या, आणि गाडी म्हणाली, "दाढीची पाती. मोहनाच्या गुडघ्याचं तेल." मोहनाबाई तिथेच फरशीवर बसल्या.

पंधरवड्यात सगळ्या सोसायटीला कळलं. तुकोजीराव वाघोडियाच्या एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सला होते, त्यामुळे यंत्र आणि अध्यात्म या दोन्ही विषयांत त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. ते म्हणत, आत्मा म्हणजे दुसरं काय, फ्रिक्वेन्सीच ती. शरीर हा डबा. डबा गेला, फ्रिक्वेन्सी राहिली. त्यांची आजी रत्नागिरीकडची होती. तिच्या गावच्या देवळात मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून देवाला प्रश्न विचारत, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार, असा कौल घेत. तुकोजीरावांनी ती रीत पार्किंगमध्ये आणली. प्रश्न विचारायचा, चावी फिरवायची. गाडी बोलली तर उजवा कौल, गप्प राहिली तर डावा.

सोसायटीत तीन इंजिनियर होते आणि तिघांनाही पहिल्याच दिवशी एकच शंका आली होती. हल्ली फोन गाडीला वायरीशिवाय जोडला जातो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यांनी सरळ निरुपमाला विचारलं होतं, काकांचा फोन कुठे आहे? निरुपमाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "माझ्या घरी, सुभानपुऱ्यात. बंद करून कपाटात ठेवलाय. सिमकार्डसुद्धा परत केलंय."

विषय तिथेच संपला. "निरुपमाबेने कह्युं एटले पती गयुं," भक्तीबेन म्हणाल्या, म्हणजे त्यांनी सांगितलं की संपलंच. वीस वर्षं जी बाई भोंदूंची लबाडी उघडी पाडत आली तिने सांगितलं फोन कपाटात आहे, म्हणजे कपाटातच. इंजिनियरही हात जोडणाऱ्यांत जाऊन उभे राहिले.

आणखी एक गोष्ट तुकोजीरावांच्या लक्षात आली होती. गाडी रोज बोलत नसे. रविवारी बोलायची, आणि एका बुधवारी निरुपमा आईची औषधं द्यायला आली तेव्हा बोलली होती. "लेकीवर जीव होता," त्यांनी निदान केलं. "ती आली की येतात." तेव्हापासून बायका निरुपमाला जवळ उभं राहायला विनवू लागल्या. ती चिडून टाकीपाशी जायची. तिथूनही गाडी बोलायची. ती अंधश्रद्धेवर पाच मिनिटं भाषण करायची आणि भाषणाच्या शेवटी गाडी म्हणायची, "खोबरं, किसलेलं नको." भाषणाचा परिणाम त्यामुळे थोडा कमी व्हायचा.

इथवर हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मोहनाबाईंच्या पित्ताशयात खडे झाले होते. दोन महिन्यांत पोटात दोनदा असह्य कळा आल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आत्ता हे साधं ऑपरेशन आहे, तिसऱ्यांदा दुखून आत पू झाला तर ते साधं राहणार नाही, आणि वय शहात्तर आहे. गुरुवारची तारीख ठरली. मंगळवारी दुपारी, निरुपमा शाळेत असताना, मोहनाबाई खाली उतरल्या आणि त्यांनी तुकोजीरावांना कौल लावायला सांगितला. ऑपरेशन करू का?

गाडी गप्प राहिली. तीनदा चावी फिरवली, तीनदा गप्प.

निरुपमा संध्याकाळी आली तेव्हा आईने हॉस्पिटलात फोन करून तारीख रद्द केली होती. त्या शांतपणे गवार मोडत बसल्या होत्या. निरुपमाने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, सोनोग्राफीचा कागद पुढे धरला. मोहनाबाई म्हणाल्या, "यांना मी माझ्या मनाने हॉस्पिटलात नेलं. ते घरीच राहू दे म्हणत होते. अकरा दिवसांनी काय घेऊन आलो? आता त्यांना विचारल्याशिवाय मी तिथे पाय ठेवणार नाही."

निरुपमाने सोनोग्राफीचा कागद मिटला. तिने आपल्याला जमतं तेच करायचं ठरवलं, म्हणजे लबाड शोधायचा. पहिला संशय अर्थातच तुकोजीरावांवर होता. दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर येऊन तिने गाडी उघडली आणि पेनड्राइव्ह, चिप, चोरटी वायर, काहीतरी सापडेल म्हणून सीटखाली हात घातले, पायपुसण्या उलटल्या, समोरचा कप्पा रिकामा केला. दोन दातकोरणी निघाली, पार्किंगची एक पावती आणि वडिलांचा कंगवा. कंगवा तिने होता तिथेच परत ठेवला.

मग तिने पर्स शेजारच्या सीटवर टाकली आणि गाडी गोविंदभाईच्या दुकानाकडे काढली. वाटेत गाडी बोलत होती. तांदूळ, साबुदाणा, पंख्याचा कपॅसिटर. निरुपमाने पुरावा म्हणून ऐकायचं ठरवलं होतं, पण सिग्नलला मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न देईपर्यंत हिरवा दिवा लागलेला तिला कळला नाही.

गोविंदभाईचं सुभानपुऱ्यात गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. सीट कव्हरं, स्टिअरिंगची कव्हरं, स्पीकर असं सगळं दारापर्यंत लटकलेलं. गाडीतला काळा पडदा त्यानेच मागच्या दिवाळीच्या आधी बसवला होता. त्याला काका चांगले आठवत होते.

"तीन वेळा आले, बेन," तो मराठी-गुजराती मिसळून सांगू लागला. फोन गाडीला जोडायचा कसा हे काकांनी वहीत लिहून घेतलं होतं, एक ते नऊ पायऱ्या. तरी पाचव्या पायरीला काहीतरी भलतंच व्हायचं. शेवटी गोविंदभाईने काकांना वही मिटायला लावली आणि सेटिंगच तसं करून दिलं. चावी फिरवली की गाडीने आपणहून काकांचा फोन शोधायचा, सापडला की धरायचा, आणि धरला की फोनमध्ये जे शेवटचं ऐकलं असेल ते पुढे वाजवायचं. काकांनी काही म्हणजे काही करायचं नाही. "खुश झाले एकदम. म्हणाले, आता हे माझ्यापेक्षा हुशार झालं."

मग त्याने पडद्याकडे पाहिलं. तिथे लक्ष्मीकांत असं नाव उमटलं होतं. "फोन इथेच आहे, बेन. हे पंचवीस-तीस फुटांचं काम. त्याच्या पुढे पोचत नाही."

"फोन घरी कपाटात आहे," निरुपमा म्हणाली.

गोविंदभाईने वाद घातला नाही. त्याने सीटवरच्या पर्सकडे एकदा पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. "एक काम करा," तो म्हणाला. "मी गाडी बंद करतो. तुम्ही पर्स घ्या, रस्ता ओलांडून समोरच्या लारीवर चहा प्या. मी पाच मिनिटांनी चावी फिरवतो."

निरुपमा पर्स घेऊन रस्त्यापलीकडे गेली. तिने चहा घेतला. गोविंदभाईने चावी फिरवलेली तिला लांबून दिसली. गाडी गप्प होती. तिने कप ठेवला आणि ती परत निघाली. रस्ता ओलांडून ती फुटपाथवर आली, दुकानाच्या पायरीपर्यंत आली, आणि गाडीतून वडील म्हणाले, "साबण, हिरवा." गोविंदभाई मान खाली घालून फडक्याने पडदा पुसत होता. तो बराच वेळ पुसत राहिला.

आता निरुपमाने कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगायला हवी. फोन कपाटात नव्हता. तेराव्या दिवशी मोहनाबाई म्हणाल्या, तो फोन माझ्या डोळ्यांसमोर नको, तेव्हा निरुपमाने तो उचलून पर्समध्ये टाकला, आणि तेव्हापासून तो पर्समध्येच होता. रात्री ती तो आपल्या उशाशी चार्ज करायची. मोतीबिंदूनंतर लक्ष्मीकांतरावांना स्वतःचं अक्षर वाचता येईना, म्हणून ते बाजाराच्या याद्या फोनमध्ये बोलून ठेवत. अशा त्रेसष्ट याद्या होत्या. शाळेत जाताना रिक्षात, कानात वायरी घालून, ती रोज एक यादी लावायची. जपून ऐकायची, अर्धीच, म्हणजे दुसऱ्या दिवसाला पुरावी.

हे सांगायची लाज वाटण्याचं कारणही तिने स्वतःच तयार करून ठेवलं होतं. वडील गेल्यावर आठवड्याच्या आत तिने त्यांचे सदरे घड्या घालून देऊन टाकले होते आणि आईला व्याख्यान दिलं होतं की वस्तूंना धरून बसू नये, माणूस वस्तूंत नसतो. असं व्याख्यान दिल्यावर आपण फोन उशाशी घेऊन झोपतो हे कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून फोन कपाटात आहे असं तिने सांगितलं, आणि इतक्या जणांना, इतक्या ठामपणे सांगितलं की ते तिला स्वतःलाही पटलं. फोन कपाटात होता. पर्समध्ये जे होतं त्याला ती मनात फोन म्हणतच नव्हती.

आणि याहून वाईट एक गोष्ट होती. तिसऱ्या रविवारी सकाळी, आईकडे येताना, तिने एक यादी "मोहनाच्या गोळ्या" इथपर्यंत ऐकून थांबवली होती. तासाभराने पार्किंगमध्ये गाडीने बरोबर तिथून पुढे सुरुवात केली. "निरूला फोन करणे. ती स्वतः करायची नाही." त्या संध्याकाळी पदार्थविज्ञानाची शिक्षिका, लहरी आणि त्यांचे पल्ले या पाठाचे पंचवीस वर्षं तास घेतलेली बाई, आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून रिकाम्या खोलीला म्हणाली होती, "करते ना, बाबा." म्हणजे बाबांनी जगातल्या सगळ्या बाबांना हरवणाऱ्या मुलीला एका यादीत हरवलं होतं. आता कळलं की त्यांनी काही केलंच नव्हतं. हरवणारीही तीच होती.

पुण्याला असलेल्या सलीलला, धाकट्या भावाला, तिने त्याच दिवशी फोन करून सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला की हे तर फारच सोपं झालं. "रविवारी पर्स घेऊन उभी राहा. आई प्रश्न विचारेल, गाडी बोलेल, उजवा कौल. आई ॲडमिट होईल. खरं काय ते टाके काढल्यावर सांग."

निरुपमा म्हणाली, हे आपल्याला जमणार नाही, वीस वर्षं आपण याच्याविरुद्ध बोलतोय. सलीलने विचारलं, तुझी वीस वर्षं मोठी की आईचं पित्ताशय? यावर तिला जे उत्तर सुचलं ते तिला स्वतःलाच भाषणासारखं वाटलं, म्हणून तिने ते दिलं नाही. ती हो म्हणाली.

रविवारी पार्किंगमध्ये नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. निरुपमाबेन आज आपणहून गाडीजवळ उभ्या आहेत, ही बातमी वरच्या मजल्यांपर्यंत गेली असावी. मोहनाबाईंनी धुवट साडी नेसली होती. तुकोजीरावांनी प्रश्न मोठ्याने सांगितला. ऑपरेशन करावं का? मग चावी फिरवली.

बाईचा गोड आवाज आला, आणि पाठोपाठ, "सुतळी. रविवारची पुरवणी बाजूला ठेवणे."

मोहनाबाईंचा चेहरा असा काही उजळला की निरुपमाला त्याच्याकडे बघवेना. आपण काय केलं हे तिला त्या क्षणी कळलं, पण काम झालं होतं. आता हे थांबावं, आणखी एक शब्दही त्या गाडीने बोलू नये, म्हणून तिने पर्समध्ये हात घातला आणि फोनचं बटण पूर्ण बंद होईपर्यंत दाबून धरलं. तुकोजीराव आनंदाने म्हणाले, "बघितलंत? सुतळी म्हणजे टाके. नीट शिवले जाणार."

लोक चपला शोधायला वळले. तेवढ्यात मोहनाबाई म्हणाल्या, "मला आणखी एक विचारायचंय."

तुकोजीरावांनी गाडी बंद केली आणि ते थांबले. मोहनाबाईंनी हा प्रश्न त्यांना सांगितला नाही. त्या दारापाशी गेल्या, खिडकीच्या काचेवर हात ठेवला आणि हळूच बोलल्या. पण पार्किंगमध्ये इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "तुम्ही नको म्हणत होतात तरी मी तुम्हाला नेलं. मला माफ केलंत ना?"

तुकोजीरावांनी चावी फिरवली. पडदा उजळला. गाडी काही बोलली नाही.

त्यांनी पुन्हा फिरवली. "विचार करतायत," ते म्हणाले. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा मात्र त्यांचाही आवाज उतरला होता. "रेंज नसेल, वहिनी. कधी कधी असं होतं."

मोहनाबाईंनी मान हलवली, ठाऊकच असलेली गोष्ट कुणी पुन्हा सांगितल्यासारखी. "बरोबरच आहे त्यांचं," त्या म्हणाल्या आणि लिफ्टकडे चालू लागल्या.

"आई, थांब," निरुपमा म्हणाली.

तिने पर्समधून फोन काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. तो बाबांचा आहे हे सांगावं लागलं नाही. कडेला त्यांनी स्वतः चिकटवलेली पट्टी होती. ती म्हणाली, "हा कपाटात नव्हता. पहिल्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये होता. मी खोटं सांगितलं. आत्ता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाच्या आधी मी तो बंद केला, म्हणून गाडी गप्प बसली. दुसरं काही झालेलं नाही."

तिने फोन चालू केला. हे दृश्य कोणत्याही नाटकात शोभलं नसतं, कारण फोन जुना होता आणि चालू व्हायला पाऊण मिनिट लागलं. जमलेली सगळी माणसं, एक शिक्षिका आणि एक मांत्रिक, फोनच्या कंपनीची जाहिरातीची धून ऐकत उभी राहिली. मग तुकोजीरावांनी चावी फिरवली आणि गाडी म्हणाली, "वांगी, भरायची. लहान बघून."

निरुपमा फोन घेऊन चालत फाटकाबाहेर गेली, पुढच्या पानाच्या टपरीपर्यंत गेली. गाडी अर्ध्या शब्दात गप्प झाली. ती परत आली, चावी पुन्हा फिरवली, गाडी पुन्हा बोलू लागली. मग तिने फोन आईच्या हातात दिला, कुठलं बटण ते दाखवलं आणि म्हणाली, तूच बंद कर, तूच चालू कर. मोहनाबाईंनी दोनदा करून पाहिलं. वडील दोनदा थांबले, दोनदा बोलले.

"म्हणजे तुम्ही, निरुपमाबेन, खोटं बोललात?" तुकोजीरावांनी विचारलं. त्यांना याच गोष्टीचा सर्वांत मोठा धक्का बसलेला दिसत होता.

"हो."

"आणि आमचा व्हिसा?" भक्तीबेन म्हणाल्या.

"त्या दिवशी मी पार्किंगमध्ये होते, एवढाच त्याचा अर्थ," निरुपमा म्हणाली. "आजवरचे सगळे उजवे कौल म्हणजे मी आलेली. सगळे डावे कौल म्हणजे माझी शाळा. तुम्ही व्हिसा विचारा, पित्ताशय विचारा, तुम्हाला माझं टाइमटेबल कळत होतं." तिला पुढे बोलायचं होतं, पण नेहमीचं भाषण तोंडात येईना. ती म्हणाली, "इंजिनियरांनी मला विचारलं होतं. बरोबर प्रश्न विचारला होता. माझं ऐकून तुम्ही गप्प बसलात, तिथे चुकलं. मी आहे म्हणून ऐकायचं नव्हतं. कपाट उघडून दाखवा म्हणायचं होतं."

भक्तीबेननी बॉनेटवरची फुलं गोळा केली. तुकोजीरावांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि त्यानेच काचेवरचं कुंकू पुसलं. ते जाता जाता म्हणाले की बॅटरीसाठी गाडी चालू तर करावीच लागेल. ते मात्र खरं होतं.

मोहनाबाई फोन हातात घेऊन उभ्या होत्या. "मग मी विचारलं त्याचं उत्तर काय?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही," निरुपमा म्हणाली. "गाडीलाही माहीत नव्हतं. पण बाबांना ज्यांनी तपासलं ते डॉक्टर आहेत. त्यांना विचारू या."

मोहनाबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. फोन त्यांनी परत दिला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः हॉस्पिटलात फोन लावला आणि भेटीच्या दोन वेळा ठरवून घेतल्या, एक वरच्या मजल्यावरच्या हृदयाच्या डॉक्टरांची आणि दुसरी खालच्या सर्जनची.

हृदयाच्या डॉक्टरांनी लक्ष्मीकांतरावांची फाइल काढली आणि घाई न करता पुन्हा वाचली. मग त्यांनी सांगितलं की त्या रात्री ते घरी राहिले असते तर बहुधा सकाळ पाहिली नसती. बहुधा म्हणतो, कारण पक्कं कुणालाच सांगता येणार नाही. आणल्यावर आम्ही जे केलं त्याने अकरा दिवस मिळाले, त्यांतले सहा दिवस ते शुद्धीवर होते, जेवत होते, नर्सशी पेपरातल्या चुकांवरून भांडत होते. त्यानंतर किडनी थकली. ते तुमच्या आणण्याने झालं नाही.

"त्यांच्या मनात तुमच्याबद्दल काय होतं ते मात्र माझ्या फाइलमध्ये नाही," डॉक्टर म्हणाले.

"मनातलं माझं मी बघते," मोहनाबाई म्हणाल्या. "छप्पन्न वर्षं बघत आले. मला कागदातलं हवं होतं."

खाली येताना जिन्यात त्या एका पायरीवर थांबल्या, कठड्याला धरून. निरुपमाही थांबली.

माणूस गेला की त्याला विचारायचे प्रश्न उरतातच आणि त्यांतले काही कायमचे उरतात. ते सहन होत नाही म्हणून आपण ते गाडीला विचारतो, पाकळीला विचारतो, रुमाल बांधलेल्या शेजाऱ्याला विचारतो. तिथे हमखास उत्तर मिळतं, हीच त्यातली गोची आहे. जिथे कुणीच 'माहीत नाही' म्हणत नाही, तिथून उठावं. ज्याला माहीत असण्याची शक्यता आहे त्याच्याकडे जावं, त्याने 'बहुधा' म्हटलं तर त्या शब्दाचं वजन ओळखावं, आणि त्याचंही म्हणणं तपासून घ्यावं, मग तो कितीही शिकलेला असो, विज्ञान शिकवणारी सख्खी मुलगी का असेना.

सर्जनच्या खोलीत मोहनाबाईंनी चार प्रश्न विचारले आणि चारही उत्तरं चष्मा लावून एका चिठ्ठीवर लिहून घेतली. शुक्रवारची तारीख ठरली. बाहेरच्या काउंटरवरच्या माणसाने संमतीचा अर्ज काढला आणि सवयीने तो निरुपमापुढे सरकवला. मग काहीतरी आठवून त्याने विचारलं, "मुलगा नाही आला? सही त्याची घेतो आम्ही शक्यतो."

मोहनाबाईंनी अर्ज आपल्याकडे ओढला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मधल्या एका ओळीचा अर्थ त्याच्याकडून दोनदा समजावून घेतला.

"मुलगा पुण्याला आहे," त्या म्हणाल्या. "पित्ताशय माझं आहे. पेन द्या."